सोबत येणारी व्यक्ती

प्रिय बारके,

सगळ्यात आधी हे वाच: यांचा रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. पोटात जखम आहे, पण गोळ्यांनी भरून येणारी आहे. आता खुर्ची ओढून बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच. पुढचं बरंचसं तुझ्याविरुद्ध आहे. थोडं माझ्याही विरुद्ध आहे, पण ते लिहायला मला वेळ लागेल.

फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढला असता आणि तू तुझ्या पद्धतीने गप्प झाली असतीस. तुझं ते गप्प होणं मला तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून सोसत नाही. म्हणून लिहितेय. मापांच्या वहीची मागची कोरी पानं फाडून घेतलीत, त्यामुळे डावीकडे छाती, कंबर, उंची, बाही असं छापलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. पत्र मी स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. तू दुकानात असशील तेव्हाच येईन, कारण समोरासमोर यायचं बळ अजून माझ्यात नाही.

त्या गुरुवारापासून सुरुवात करते. सकाळी निघताना तुझे भावजी म्हणाले, एका ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आजचा दिवस ती दुरुस्त करण्यातच जाणार. चहा घेतला नाही. मी म्हटलं, निदान घोटभर पाणी तरी घ्या, तर म्हणाले उशीर होतोय. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि चहा घेतल्याशिवाय या माणसाने उंबरा ओलांडलेला मी पाहिला नाही. मला तिथेच खटकायला हवं होतं. पण मी एका कोटाची बाही लावत होते, दोन टाचण्या ओठांत धरलेल्या होत्या, नुसती मान हलवली. संध्याकाळी सातला परत आले ते घसा बसलेला आणि तोंड उतरलेलं. विचारलं तर म्हणे, दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला ओरडून सांगत होतो. खरंच वाटलं मला ते. वर मीच त्यांना म्हटलं, इतकं कशाला ओरडायचं, त्याला फोन नाही का.

आणि दहाच मिनिटांत तू दारात. गुरुवारी. तुझं औषधांचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं आणि सुट्टीचा दिवस सोडून तू कधी माझ्याकडे फिरकत नाहीस. म्हणालीस, सहज आले. डब्यात भोपळ्याचं सूप. मी ते गरम करून वाफाळतं यांच्यासमोर ठेवलं, तर तू वाटी उचललीस आणि चमच्याने ढवळत फुंकर घालायला लागलीस. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चमच्याने, माझ्या नवऱ्याच्या सुपावर. मी बघत राहिले. मग तुझ्या सूचना सुरू झाल्या. यांना पित्त झालेलं दिसतंय, कोमट दे, मऊ दे, तिखट-तळलेलं दोन दिवस नको, आज यांना एकटं सोडू नकोस, उद्या सकाळी गाडीला हात लावू देऊ नकोस, आणि पाठ किंवा डोकं दुखलं तरी ती नेहमीची गोळी देऊ नकोस. पित्तासाठी माणूस गाडी चालवायचं का थांबतो, हे मी विचारलं नाही. हे मात्र तू बोलत होतीस तसे एकेका शब्दाला मान डोलवत होते. मी काही सांगितलं की हाच माणूस पेपर उघडतो.

तुला वाटलं असेल ताईला कळत नाही. काय चाललंय ते मला कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय आणि त्यात मी नाही, इतकं कळलं होतं. ते कळायला मला डॉक्टर लागत नाही. शाळेत माझी सख्खी मैत्रीण तिचं गुपित आधी तुला सांगायची, मला दुसऱ्या दिवशी. माझी गिऱ्हाइकं माझ्याकडे मापं देतात आणि तुझ्या काउंटरवर जाऊन आपली दुखणी सांगतात. तू काही करत नाहीस, नुसती हातातलं काम ठेवून बघतेस, आणि लोक बोलायला लागतात. मी सगळं करते. तरी मला कुणी काही सांगत नाही.

शनिवारी यांची पाठ धरली. मी कपाट उघडलं आणि तीच नेहमीची गोळी काढली, एक नाही, दोन. तू नको म्हटलं होतंस ते मला आठवत होतं. मुद्दाम दिल्या. मुद्दाम हा शब्द मी विचार करून लिहितेय. माझ्या घरात कुणाला कोणती गोळी द्यायची हे बारकी ठरवणार असेल तर मी कशाला आहे, असं काहीसं मनात होतं. यांनी निमूटपणे गोळ्या तोंडात टाकल्या, पाण्याचा घोट घेतला आणि बाथरूमकडे गेले. मी खूश झाले. दोन गोळ्यांवरून मी जिंकल्यासारखी खूश झाले होते.

रविवारी सकाळी मी यांची पॅन्ट कंबरेत आत घ्यायला काढली. उसवायच्या आधी खिसे रिकामे करायचे ही माझी सवय तुला माहीत आहे. मागच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता आणि कागदात माझ्या दोन गोळ्या. थुंकीने भिजून, मग वाळून एकमेकींना चिकटलेल्या. माझ्या हातच्या गोळ्या त्यांनी ज्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, तो उलगडला. वर छापलं होतं, तोंडातून नळी घालून केलेल्या पोटाच्या तपासणीनंतर व तुकडा घेतल्यानंतर घरी घ्यायची काळजी. मी तिथेच मशीनच्या स्टुलावर बसले आणि वाचला. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. पहिला दिवस मऊ, कोमट अन्न. घसा दुखेल, ढेकर येतील, पोट फुगल्यासारखं वाटेल, घाबरू नये. गुंगीच्या इंजेक्शनमुळे चोवीस तास गाडी चालवू नये, यंत्रावर काम करू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमुक अमुक वेदनाशामक घेऊ नये, आणि त्या यादीत तिसरं नाव माझ्या गोळीचं. काळी शी, रक्ताची उलटी, पोटात जोराची कळ, ताप, यांपैकी काहीही झालं तर ताबडतोब यावं. आणि सगळ्यात खाली एक चौकट होती. सोबत येणारी जबाबदार प्रौढ व्यक्ती. तिथे तुझं नाव. नातं, या रकान्यात तुझ्याच अक्षरात लिहिलेलं, घरचीच.

बारके, तो एक शब्द वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुणी लिहिलं असतंस तर मी कदाचित रडले असते. तू घरचीच, आणि मी त्या घरात बसून कोटाची बाही लावत होते. तुकडा काढलेल्या पोटाला मी दोन दिवस खायला घातलं, आणि मला माहीत नव्हतं की मी शुश्रूषा करतेय. त्याच तिरमिरीत मी फोन लावला.

फोनवर मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहिणार नाही, पण न लिहिताही सुटका नाही. तुझं स्वतःचं घर मांडायचं राहून गेलं म्हणून तू माझ्या घरात हात घालतेस, असं मी म्हणाले. त्रेचाळीस वर्षांच्या बहिणीला, जिने सतराव्या वर्षापासून आईचं सगळं केलं आणि त्यातच स्वतःचं राहून गेलं, तिला. मी म्हणाले आणि मला चुकीचं बोलतेय हे बोलताना कळत होतं, तरी वाक्य पूर्ण केलं. तू ऐकून घेतलंस. मग एवढंच विचारलंस, ताई, त्यांना ती गोळी दिली नाहीस ना. मी फोन आपटला. त्या प्रश्नाचं उत्तर मी तुला आज देतेय: दिली होती. त्यांनी गिळली नाही, कारण त्यांनी माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकलं. देवाची कृपा म्हण हवं तर, मला मात्र त्याचाही राग आला होता.

यांच्याशी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी हे स्वतःहून मशीनपाशी आले आणि उभे राहून सगळं सांगितलं. चार महिने पोटात जळत होतं. तुझ्याकडून आठवड्याला पित्ताच्या गोळ्यांचं एक पाकीट नेत होते, मग दोन नेऊ लागले, आणि एके दिवशी तू तिसरं द्यायला नकार दिलास, काउंटरच्या बाहेर आलीस आणि म्हणालीस, आता गोळी नाही, आता डॉक्टर. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तर म्हणाले, तिला सांगितलं की ती पुढे काय करायचं ते सांगते. तुला सांगितलं की आधी तुलाच सांभाळावं लागतं. तुझ्या आईचं पोट तू पाहिलंयस, म्हणाले, तुकडा काढायचा म्हटलं असतं तर रिपोर्ट येईपर्यंत तू अन्नाला शिवली नसतीस. हे इतकं शांतपणे म्हणाले की मला भांडायला जागाच उरली नाही. खरं होतं. मला तुझा हेवा वाटला तो तिथे सगळ्यात जास्त. तुझ्यापाशी माणूस आपलं भय ठेवून मोकळा होतो. माझ्यापाशी ठेवलं तर त्याला दोन भयं सांभाळावी लागतात.

आईनेही तेच केलं होतं. माझं लग्न होऊन सहाच महिने झाले होते. तिने तुला सांगितलं, दवाखान्यात तुला नेलं, तिच्या पोटाचे फोटो तू उजेडाकडे धरून बघितलेस, सतरा वर्षांची पोर. मला ऑपरेशनच्या तारखेसकट कळवलं, आमंत्रण द्यावं तसं. तू तिची सगळी वर्षं घेतलीस असं मला तेव्हा वाटायचं. मी यायचे, आणि मला सुचायचं ते करायचे. तिचे कपडे आत घ्यायचे. आधी एक इंच, मग दोन इंच, मग खांदेसुद्धा. ती म्हणायची, माझ्या मोठीच्या हाताला सफाई आहे, बघ कसं बसतंय. शेवटी तिला सगळं बसत होतं. तिचं हसणं, तिचं कण्हणं, तिने काय काय सांगितलं ते सगळं तुझ्याकडे राहिलं. माझ्याकडे कापडाच्या त्या कापलेल्या पट्ट्या आहेत, अजून डब्यात.

हे सांगायचं कारण असं की अबोल्याच्या त्या दिवसांत मी मापांची वही चाळत होते. यांचं पान सगळ्यात पुढे आहे, तुला माहीत आहे. कंबर छत्तीस. त्याखाली, पाच महिन्यांपूर्वीची तारीख, साडेपस्तीस. पुढे पस्तीस. पुढे चौतीस, आणि त्या पुढे माझ्याच अक्षरात, छान, व्यायामाचा उपयोग होतोय. हे जिने चढून कामावर जातात, लिफ्टवाल्याला लिफ्टचा भरवसा नसतो असा आमचा जुना विनोद आहे, तेव्हा मला वाटलं त्यानेच उतरतायत. उलट कौतुक वाटलं. दर वेळी टेप माझ्या हातात होती. दर वेळी मी शिवण उसवली, खडूची रेघ मारली, आत घेतली, इस्त्री करून दिली. तू काउंटरच्या पलीकडून बघितलंस आणि तुला दिसलं. मी कंबरेला टेप गुंडाळून उभी होते आणि मला पॅन्ट दिसली. दोनदा झालं हे माझ्या हातून. आईच्या वेळी आणि आता. मी माप घेते, विचारत मात्र नाही.

तो कागद मी फेकला नव्हता. मशीनच्या खणात बॉबिनांवर ठेवला होता, राग ताजा राहावा म्हणून. गुरुवारी, म्हणजे तपासणीला आठवडा झाला त्या दिवशी, पुन्हा काढला. समासात तुझ्या बारीक अक्षरातल्या वेळा पहिल्यांदा नीट वाचल्या. अकरा वीस, आत नेलं. एक दहा, दोन घोट पाणी, ठसका नाही. दोन वाजता, अर्धी वाटी पेज. आणि घडीवर, जिथे माझ्या गोळ्यांनी शाई फुटली होती, तिथे एक ओळ होती जी मी रागात वाचलीच नव्हती. बारा चाळीस, डोळे उघडले, ताई कुठंय विचारतायत. मी ती ओळ खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचली. गुंगीतून बाहेर येताना यांनी माझं विचारलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेही मला तुझ्या अक्षरात वाचावं लागलं, आणि त्याचाही हेवा वाटलाच. तू काय उत्तर दिलंस ते मी विचारणार आहे कधीतरी.

शनिवारी रिपोर्टला मी गेले सोबत. यांनी स्वतःच म्हटलं, चल. मी चांगले कपडे घातले, डॉक्टरांना दाखवायला की बायको कोण आहे. डॉक्टरीण तरुण आहे, चटपटीत आहे, तिने मला बघितलं आणि यांना विचारलं, त्या निळ्या वहीवाल्या बाई नाही आल्या आज? फार नेटकं लिहून घेत होत्या. मी म्हटलं, ती माझी धाकटी बहीण, तिला दुकान असतं. बस, त्या खोलीतही तू माझ्या आधी जाऊन बसलेली होतीस. मग तिने कागद पुढे केला. जखम आहे, सूज आहे, जंतू आहेत, वाईट पेशी नाहीत. चौदा दिवस चार प्रकारच्या गोळ्या, मग महिन्याने पुन्हा तपासणी, जंतू गेले का बघायला. यांनी माझा हात टेबलाखाली धरला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी, बारके, मला एक गोष्ट सुचली जी सांगायची मला लाज वाटते.

घरी येताना हे म्हणाले, आधी बारकीला कळवू. मी म्हटलं, मी कळवते. रविवारी विचारलं, कळवलंस ना, मी म्हटलं, हो, कळवलं. आज बुधवार. चार दिवस झाले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला तुझ्याआधी कळली होती आणि मला ती कुणाला द्यायची नव्हती. मला माहीत होतं तू दुकानात उभी राहून लोकांच्या चिठ्ठ्या वाचत असशील आणि मोबाईलकडे बघत असशील. मला माहीत होतं तू स्वतः फोन करणार नाहीस, मी तोंडच तसं टाकलं होतं. तुझ्या डोळ्यांसमोर आईचं पोट येत असेल हेही मला माहीत होतं, कारण माझ्याही येत होतं. तरी चार दिवस मी मूग गिळून बसले. शिवण टोचावी तशी ही गोष्ट आतून टोचत होती, तरी मी अंगावरून काढत नव्हते. माफ कर. यांना अजून माहीत नाही की मी खोटं बोलले. तू सांगू नकोस, मी सांगेन.

यांची प्रकृती विचारशील तर सुधारतेय. चार प्रकारच्या गोळ्या मी बटणांच्या डबीच्या कप्प्यांत वारांप्रमाणे लावून ठेवल्यात. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणून कुरकुर करतात, चहा नाही म्हणून जास्त. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला घालते, मऊ, कोमट, बेचव. मीही त्यांच्याबरोबर तेच खाते, वेगळा स्वयंपाक कोण करणार, आणि मलाही हल्ली तेच बरं पडतं. काल सकाळी मात्र हे आरशासमोरून ओरडले. जीभ काळी. मग म्हणाले, शीसुद्धा काळी झालीय. माझी पाचावर धारण बसली. कागदावर लिहिलेलं होतं ना, काळी शी, ताबडतोब यावं. हात आपोआप फोनकडे गेला आणि बोटाने तुझं नाव काढलंसुद्धा. मग आठवलं. मग दवाखान्याला लावला, वीस मिनिटं संगीत ऐकवलं, आणि शेवटी एका बाईने सांगितलं की त्या चारातल्या एका गोळीने जीभ आणि शी काळी होतेच, पाकिटावर लिहिलंय, चिकट डांबरासारखी नसेल आणि चक्कर येत नसेल तर चिंता नको. तू हे एका वाक्यात सांगितलं असतंस, आणि वर यांच्या जिभेवरून काहीतरी थट्टा केली असतीस. त्या वीस मिनिटांत मला कळलं की मला तुझ्याशिवाय जमत नाही. हे मला आवडलेलं नाही, पण कळलं.

आता जे राहिलंय ते लिहिते, आणि हेच लिहायला बसले होते. शनिवारी रिपोर्ट सांगून झाल्यावर हे गोळ्या घ्यायला बाहेर गेले, आणि डॉक्टरीण मला म्हणाली, हे जंतू बहुतेक वेळा घरातल्या दोघांच्याही पोटात असतात, तुम्हाला काही त्रास? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं सांगून बसले. थंडीपासून उपाशीपोटी जळतं, चार घासांत पोट भरतं, कधी कधी पाठीपर्यंत कळ जाते. आईचंही सांगितलं. ती लिहायची थांबली, वजन उतरलंय का विचारलं. मी म्हटलं, नाही. घरी येऊन वहीतलं माझं पान काढलं. माझे कपडे मी तीनदा आत घेतलेत, बारके, आणि तारखाही घातल्यात. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून खरं सांगितलं. येत्या मंगळवारी सकाळी साडेआठला मलाही आत घेणार आहेत, तीच नळी, तोच तुकडा. यांना सांगितलेलं नाही. यांना आत्ता कुठे भूक लागतेय, पोटातली जखम भरतेय, आणि त्यांना कळलं तर मंगळवारपर्यंत ते घास गिळणार नाहीत, मग मला दोन भयं सांभाळावी लागतील. मंगळवारी एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जातेय असं सांगितलंय, आणि सांगताना यांच्याकडे बघवलं नाही. काल जिभेचं निस्तरल्यावर जाऊन फॉर्म भरून आले. सव्वीस वर्षं प्रत्येक कागदावर मी यांचंच नाव लिहीत आले, पण सोबत येणारी जबाबदार प्रौढ व्यक्ती या चौकटीपाशी पेन थांबलं आणि मी तुझं लिहिलं. नात्याच्या रकान्यात तू लिहिलं होतंस तेच लिहिलं. तू नाही म्हणालीस तर मला खोडावं लागेल, आणि तसं म्हणण्याचा तुला पुरेपूर हक्क आहे. पण येणार असलीस तर निळी वही आण, सूप आण, आणि मी डोळे उघडीन तेव्हा मी कुणाचं नाव घेते ते नीट लिहून ठेव. यांना मी बुधवारी सांगेन. चिडतील, तीन दिवस बोलणार नाहीत, तुझा हेवा करतील. करू देत, आता त्यांची पाळी.

अजून थोडी रागावलेली, पण तुझीच,
ताई